सनई मंगल, मग सनईवाला का नाही?

दीघनिकायातील पायासि सुत्तात शंखवाल्याचा एक दृष्टांत आहे. राजन्य पायासीशी चर्चा करताना कुमार कस्सप तो सांगतात. एक शंख फुंकणारा माणूस दूरच्या सीमेवरील एका गावात जातो. गावाच्या मधोमध उभा राहून तीनदा शंख फुंकतो, शंख जमिनीवर ठेवतो आणि बाजूला बसतो. त्या लोकांनी असा आवाज पूर्वी कधी ऐकलेला नसतो. ते गोळा होतात आणि विचारतात, इतका गोड आवाज कोणाचा? तो शंखाकडे बोट दाखवतो. मग लोक शंखाला उताणे करतात, कुशीवर वळवतात, उभे करतात, हाताने, ढेकळाने, काठीने ठोकून पाहतात आणि त्याला वाजण्याची विनवणी करतात. शंख गप्पच. शेवटी तो माणूस उठतो, शंख उचलून पुन्हा तीनदा फुंकतो आणि निघून जातो. तेव्हा गावाला उमगते की शंखासोबत माणूस, त्याचा प्रयत्न आणि वारा असेल तरच शंख वाजतो.

सुत्तातला संदर्भ वेगळा आहे, पण फुंकून वाजवण्याच्या वाद्यांचा सामाजिक इतिहास समजून घ्यायला हा दृष्टांत फार उपयोगी पडतो. आपल्या समाजाने शंख, सनई, तुतारी यांना मंगल म्हटले. वाजवणाऱ्या माणसाला मात्र दाराबाहेर बसवले. दुःखाची गोष्ट अशी की हे केवळ हिंदू समाजात घडले नाही. बौद्ध संस्कृती जिथे शेकडो वर्षे नांदली, तिथेही घडले. म्हणून हा विषय संगीतप्रेमींपुरता नाही, आपल्या चळवळीचाही आहे.

फुंकेचा नाद होतो कसा?

पाली साहित्यात वाद्यांचे पाच प्रकार मानले आहेत. त्यांना पंचांगिक तुरिय म्हणतात. त्यातला एक प्रकार म्हणजे सुसिर, म्हणजे पोकळ, फुंकून वाजवायची वाद्ये. जगातल्या बहुतेक फुंकवाद्यांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिला गट बासरीचा. इथे फुंक एका धारेवर आपटते, तिचे दोन भाग होतात आणि नळीतली हवा कंप पावू लागते. आपली आडवी बासरी आणि जपानची उभी शाकुहाची या गटातल्या. दुसरा गट सनईचा. दोन पातळ पत्त्या एकमेकींवर बांधलेल्या असतात, ओठात धरून फुंकले की त्या थरथरतात आणि खाली रुंद होत जाणाऱ्या नळीतून आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. तिसरा गट पुंगी आणि तारपा यांचा. पालघर जिल्ह्यातल्या वारली वस्त्यांमध्ये वाजणारा तारपा सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांपासून बनतो. त्यात पत्ती ओठात नसते, भोपळ्याच्या आत हवेत थरथरते. चौथा गट शंख, तुतारी आणि तिबेटी दुंगचेनचा. तिथे पत्तीच नसते. वाजवणाऱ्याचे ओठ हीच पत्ती.

यातला सनईचा गट सर्वांत जास्त प्रवास केलेला. तुर्कस्तानात झुर्ना, इराणमध्ये सोर्ना, लडाखमध्ये सुर्ना, चीनमध्ये स्वोना, उत्तर भारतात शहनाई, आपल्याकडे सनई. नावे ऐकली तरी नाते कळते. व्यापारी, सैन्य आणि यात्रेकरू यांच्या वाटेने ही वाद्ये देशोदेशी गेली. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर परदेशी वेशातले वादक स्तूपाची पूजा करताना कोरलेले आहेत. त्यांच्या हातात जोडबासरी आणि लांब शिंगे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी स्तूपाभोवती कोणते सूर घुमत असतील याची कल्पना त्या दगडातून येते.

सनई वाजवणे हे कमालीचे अंगमेहनतीचे काम आहे. पत्तीची भोके इतकी अरुंद की फुंकेला जोर लागतो. त्यात अनेक वादक दम न तोडता वाजवतात. गालात हवा साठवायची, गाल दाबून ती बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत घ्यायचा. सूर क्षणभरही थांबत नाही. ही कला अंगी यायला वर्षे जातात. असे कौशल्य असलेल्या माणसाला समाजाने कोणती जागा दिली, हे आता पाहू.

एकच वाद्य, दोन जागा: लडाख

लडाखमधल्या कोणत्याही मोठ्या गोम्पात उत्सवाच्या दिवशी ग्यालिंग ऐकायला मिळते. ग्यालिंग म्हणजे तिबेटी परंपरेतली सनईच. लाकडी नळी, खाली धातूचे कर्णफूल, वर दुहेरी पत्ती. ती भिक्खू स्वतः वाजवतात, बहुधा जोडीने. सोबत दहा फुटांहून लांब असू शकणारे दुंगचेन असतात, तेही भिक्खूच फुंकतात. ते वाजवल्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. ती साधनेची सेवा मानली जाते.

आता गोम्पाच्या बाहेर या. लग्नात, धनुर्विद्येच्या उत्सवात, पाहुण्यांच्या स्वागताला सुर्ना आणि दमन वाजते. सुर्ना हीसुद्धा सनईच. पण ती परंपरेने वाजवतात मोन समाजाचे लोक. भटकंती करून गाणारे-वाजवणारे बेडा आणि लोहारकाम करणारे गरा यांच्यासह मोन समाज लडाखच्या उतरंडीत तळाला ठेवला गेला. लडाखी समारंभात बसण्याची रांग ठरलेली असते. त्या रांगेत वादकांची जागा सर्वांत खाली. ज्यांच्याशिवाय लग्न सुरू होत नाही, त्यांच्याशी सोयरीक मात्र होत नाही. 1989 साली लडाखमधल्या ज्या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला त्यांत मोन, बेडा आणि गरा यांची नावे स्वतंत्रपणे आहेत.

ग्यालिंग आणि सुर्ना यांची घडण जवळजवळ सारखी. दोन्हींना ओठ लागतात, दोन्हींत श्वास जातो. मग एक पूजनीय आणि दुसरी हीन कशी? फरक वाद्यात नाही. फरक वाजवणाऱ्याच्या जन्मात शोधला गेला.

नेपाळ आणि श्रीलंका

नेपाळच्या डोंगराळ भागात लग्नाला पंचेबाजा लागतो. सनई, नरसिंगा हे वक्र शिंग, दमाहा हा नगारा, त्यासोबत ट्याम्को आणि झ्याली. तो वाजवतात दमाई समाजाचे लोक. दमाहावरूनच त्यांचे नाव पडले. शिवणकाम हाही त्यांचा परंपरागत व्यवसाय. 1854 च्या मुलुकी ऐन या कायद्याने नेपाळमधल्या जातींची उतरंड राज्याच्या शिक्क्यानिशी लिहून काढली. त्यात दमाई सर्वांत खालच्या गटात होते. त्यांच्या हातचे पाणी चालायचे नाही आणि स्पर्श झाला तर अंगावर पाणी शिंपडावे लागायचे. म्हणजे नवरदेवाच्या कपड्याला टाके घालणारे तेच, वरातीपुढे मंगल सूर काढणारे तेच, आणि विटाळही त्यांचाच. 1963 च्या नव्या मुलुकी ऐनने ही उतरंड कायद्यातून काढली. तरी व्यवहारातला भेदभाव इतका टिकून राहिला की 2011 मध्ये नेपाळला अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

श्रीलंका तर थेरवादी बौद्धांचा देश. तिथल्या विहारांत पूजेच्या वेळी हेविसी वाजते. दवुल आणि तम्मेट्टम ही तालवाद्ये आणि होरणेव हे छोटे सनईसारखे वाद्य. याला शब्दपूजा म्हणतात. फुले, दिवे यांसारखा नादही बुद्धाला अर्पण करायचा, ही त्यामागची सुंदर कल्पना. कँडीच्या दंतधातू विहारात आणि एसल पेरहेराच्या मिरवणुकीत हा नाद आजही घुमतो. पण ही सेवा परंपरेने बेरव जातीकडे होती आणि सिंहली समाजाच्या उतरंडीत बेरव खालचे मानले गेले. 1753 साली थायलंडहून आलेल्या भिक्खूंच्या मदतीने श्रीलंकेत उपसंपदा पुन्हा सुरू झाली आणि सियाम निकाय उभा राहिला. पुढे या निकायाने उपसंपदा गोयिगम या वरच्या जातीपुरती ठेवली. म्हणजे बेरव वादकाचा नाद बुद्धमूर्तीपर्यंत पोहोचत होता, पण त्याच्या मुलाला त्या निकायात भिक्खू होण्याची वाट बंद होती. याविरुद्ध इतर जातींच्या लोकांनी ब्रह्मदेशातून उपसंपदा आणली आणि 1803 साली अमरपूर निकाय स्थापन झाला.

हे वाचून कोणी म्हणेल, मग बौद्ध धम्मातही जात आहेच की. नाही. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा तथागतांनी त्यांच्या न्हावी असलेल्या उपालीला आधी प्रव्रज्या दिली, म्हणजे कुमारांना त्याला वंदन करावे लागेल आणि त्यांचा कुळाचा अभिमान गळून पडेल. विनयाचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून हाच उपाली पुढे प्रसिद्ध झाला. वसल सुत्त माणसाला जन्मावरून नव्हे, कर्मावरून ओळखायला सांगते. धम्माची भूमिका स्वच्छ आहे. चुकला तो समाज. बौद्ध म्हणवून घेतल्याने जात आपोआप गळून पडत नाही, ती जाणीवपूर्वक टाकावी लागते, हा यातला धडा आहे.

जपान: उलट्या टोकाचा अनुभव

जपानच्या शाकुहाचीची गोष्ट वेगळी. बांबूच्या मुळाकडच्या भागापासून ती बनते. पुढे चार आणि मागे एक अशी पाच भोके. प्रमाण लांबी एक शाकू आठ सून, म्हणजे सुमारे 54.5 सेंटिमीटर, आणि त्यावरूनच तिचे नाव पडले. झेन परंपरेतल्या फुके पंथाचे कोमुसो साधक ती वाजवत. चेहरा पूर्ण झाकणारी वेताची टोपी घालून ते गावोगाव भिक्षा मागत फिरत. शाकुहाची वाजवणे म्हणजे सुइझेन, फुंकण्याचे ध्यान, असे ते मानत. आनापानसती करणाऱ्यांना ही कल्पना लगेच कळेल. इथेही लक्ष श्वासावरच आहे, फक्त श्वास ऐकू येतो.

पण या पंथात प्रवेश होता सामुराई वर्गातल्या पुरुषांना. आपल्या हक्कांना आधार म्हणून पंथाने ज्या जुन्या कथा आणि कागद पुढे केले, ते बरेचसे नंतर रचलेले होते असे इतिहासकार मानतात. थोडक्यात, लडाखमध्ये सनई खालच्यांवर लादली गेली आणि जपानमध्ये शाकुहाची वरच्यांनी राखून ठेवली. दोन्हीकडे श्वासाला जन्माचे कुंपण घातले गेले.

1871 साली मेइजी सरकारने फुके पंथ बरखास्त केला. त्याच वर्षी जपानमधल्या बहिष्कृत समाजांचा हीन दर्जाही कायद्याने रद्द झाला, जरी बुराकू समाजाला भेदभाव पुढेही सोसावा लागला. पंथ गेला, पण वाद्य मेले नाही. कुंपण निघाल्यावर ते सर्वांचे झाले. 1896 मध्ये नाकाओ तोझान यांनी नवी तोझान शाखा सुरू केली. 1967 मध्ये तोरू ताकेमित्सु यांच्या रचनेतून शाकुहाची न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासोबत वाजली. 1977 मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत यामागुची गोरो यांची शाकुहाची आहे. जन्माची अट काढली की कला बुडते, असे म्हणणाऱ्यांना हे चांगले उत्तर आहे.

आपल्याकडचा वाजंत्री

महाराष्ट्रात सनई मातंग, होलार, घडशी, गुरव अशा समाजांच्या वाट्याला आली. मातंग आणि होलार अनुसूचित जातींमध्ये आहेत. होलार समाजाची तर ओळखच गावोगाव सनईवाला अशी होती. गावात लग्न असो, जत्रा असो, देवाची पालखी असो, वाजंत्र्यांचा ताफा पुढे. जेवायची वेळ आली की तो ताफा मागे, वेगळ्या पंगतीला किंवा उरलेल्या अन्नावर.

यासाठी दिले जाणारे कारण होते शुद्ध-अशुद्धतेचे. ढोल-हलगीला चामडे लागते म्हणून विटाळ, सनईला लाळ लागते म्हणून ती उष्टी. हे कारण जरा तपासून पाहा. शंखालाही ओठ लागतात. पुजाऱ्याने फुंकला तर तो पवित्र राहतो. बासरीलाही ओठ लागतात, ती देवाच्या हाती दिली जाते. लाळ तीच, श्वास तोच. मग विटाळ नेमका कशाचा? उत्तर एकच. आधी माणूस हीन ठरवला, मग त्याच्या हातातल्या वाद्याला कारण शोधले.

उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी शहनाई मैफलीत नेली आणि 2001 साली त्यांना भारतरत्न मिळाले. तो सन्मान योग्यच होता. पण मैफलीतल्या शहनाईला मिळालेला मान गावच्या वाजंत्र्यापर्यंत फारसा उतरला नाही. वाद्याची उंची वाढली, वाजंत्र्याची पंगत बदलली नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाच्या मुळावर घाव घातला होता. 1874 च्या वतन कायद्याने महारांची वंशपरंपरागत गावकी टिकवून धरली होती. तो बदलण्यासाठी 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतन हा मान नसून बेडी आहे, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. जन्माने चिकटलेले आणि नाकारता न येणारे काम म्हणजे गुलामगिरी, मग ते काम सनई वाजवण्याइतके सुरेल का असेना. म्हणूनच आपल्या अनेक पूर्वजांनी गावकीची कामे टाकली, वाजवणेही टाकले. तो निर्णय स्वाभिमानाचा होता. आज शहरात बसून, तुम्ही परंपरा का सोडली, असे त्यांना विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. चळवळीने कला सोडली नव्हती. आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचा बाज, ढोलकी, लोकगीतांच्या चाली घेतल्या आणि आशय बदलला. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्या पिढ्यांनी त्याच लोककलेतून बाबासाहेबांचा विचार वाड्या-वस्त्यांवर पोहोचवला. जातीने दिलेले काम टाकायचे आणि हातातली कला आपल्या मर्जीने वापरायची, हा रस्ता त्यांनी दाखवून दिला आहे.

उपासकांनी वाद्य वाजवावे का?

हा प्रश्न विहारांतल्या चर्चेत अधूनमधून येतो. नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहण्याचे शील अष्टशीलात येते. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा उपासक त्या दिवसापुरता ते पाळतो, भिक्खू आणि सामणेर ते कायम पाळतात. रोजच्या पंचशीलात वादनाला मनाई नाही. उलट तथागतांनी सोण स्थविराला वीणेच्या तारांचा दाखला देऊन मध्यम मार्ग समजावला. तेविज्ज सुत्तात मैत्रीची भावना चारही दिशांना कशी पसरते हे सांगताना ताकदवान शंखवादकाची उपमा येते. धम्माला वाद्याचे वावडे नाही.

आपण काय करू शकतो

14 एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, बौद्ध पद्धतीची लग्ने, अशा वेळी आपणही ताफ्याला किंवा बँडला सुपारी देतो. तेव्हा काही गोष्टी सहज करता येतील.

पहिली, वादकांचे जेवण आपल्याच पंगतीत, आपल्याच ताटांत आणि आपल्यासोबत व्हावे. हे ऐकायला साधे वाटेल, पण जयंतीच्या दिवशी ट्रकमागे उभ्याने पाकीट फोडून जेवणारे वादक आपल्यातल्या अनेकांनी पाहिले असतील.

दुसरी, बिदागी आधी ठरवावी आणि कार्यक्रम संपताच पूर्ण द्यावी. आपलाच समाज आहे, समाजाचे काम आहे, असे म्हणून पैसे कापू नयेत. फुकट राबवून घेण्याची सवय बाबासाहेबांनी मोडायला सांगितली होती, ती आपण दुसऱ्या समाजावर लादू नये.

तिसरी, मंचावरून आणि पत्रिकेत वादकांची नावे घ्यावीत. पाहुण्यांची यादी पानभर असते, सनईवाला मात्र नुसता सनईवाला असतो.

चौथी, विहारात मुलामुलींसाठी वाद्यवर्ग सुरू करताना सनई, तारपा, बासरी यांचे जाणकार त्या-त्या समाजातून गुरू म्हणून बोलवावेत. शिकणारा कोणत्याही जातीचा असो, मुलगा असो वा मुलगी. आणि वाजंत्र्याच्या मुलाला वाजवायचे नसेल, डॉक्टर किंवा वकील व्हायचे असेल, तर त्याच्या शिक्षणासाठीही आपण उभे राहावे. परंपरा जपण्याचे ओझे फक्त त्याच्या खांद्यावर असू नये.

पाचवी, कायदा माहीत असावा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला बिगारीला जुंपणे किंवा त्यांची लग्नाची वरात अडवणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. 1989 च्या या कायद्यात झालेली सुधारणा 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. गावात वाजवायला नकार दिला म्हणून कोणावर दबाव येत असेल, तर तो प्रश्न मातंगांचा, होलारांचा म्हणून सोडून देऊ नये.

बौद्ध आणि मातंग, बौद्ध आणि होलार या वस्त्या पुष्कळ गावांत एकमेकींना लागून आहेत, पण मने तितकी लागून नाहीत. बावीस प्रतिज्ञांमध्ये आपण सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा घेतो. ती भाषणात म्हणणे सोपे आहे. पुढच्या जयंतीला सनईवाल्याशेजारी पाट मांडून बसलो, तर ती पाळायला सुरुवात झाली असे म्हणता येईल.

जय भीम, नमो बुद्धाय!